दाखला वेळेत मिळाला, तरी माणूस नाराज का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुमच्या कार्यालयातून दाखले, परवाने आणि अनुदानं दिली जातात. दोन वर्षांपूर्वी तुम्ही अर्ज ऑनलाइन केले, प्रत्येक कामाला पंधरा दिवसांची मुदत लावली आणि आज जवळपास सगळे अर्ज मुदतीत निकाली निघतात. तरी खिडकीवरची गर्दी तशीच आहे आणि तक्रारीही घटलेल्या नाहीत. तुम्ही विचारता, ‘सेवा दिली, वेळेत दिली, मग लोकांना तिचं मूल्य का वाटत नाही? अपेक्षाच अवास्तव झाल्यात का?’

अपेक्षांचा मुद्दा मी बाजूला ठेवतो, कारण तो खरा मानला तर तुमच्या हातात करण्यासारखं काही उरत नाही. मला खरा प्रश्न वेगळा दिसतो. तुम्ही जे मोजता आणि माणसाला जे हवं होतं, ते एकच आहे का? सार्वजनिक सेवांमध्ये मी सव्वीस वर्षं काढली. पहिली अकरा खिडकीमागे, पुढची कार्यालयांना आणि रुग्णालयांना कामाची पद्धत सुधारायला मदत करण्यात. या काळात ज्या एका शब्दाने माझी सर्वांत जास्त दिशाभूल केली, तो म्हणजे ‘दिली’.

सेवा ‘दिली’ म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर कागद असतो. सही झाली, शिक्का बसला, काम संपलं. आता एक विद्यार्थिनी घ्या. तिला शिष्यवृत्तीसाठी दाखला हवा आहे. तिने अर्ज केला, तुम्ही बाराव्या दिवशी दाखला दिला, म्हणजे मुदतीच्या तीन दिवस आधी. पण शिष्यवृत्तीची शेवटची तारीख दहाव्या दिवशीच उलटून गेली होती. तुमच्या नोंदवहीत हे यश आहे. तिच्या हातात मात्र एक निरुपयोगी कागद आहे. त्याच दिवशी, त्याच सहीचा दाखला दुसऱ्या एकाला मिळाला, त्याची शेवटची तारीख महिनाभर पुढे होती, त्याचं वर्ष वाचलं. कागद तोच, खर्च तोच, कर्मचारी तोच. एकीकडे सगळं मूल्य, दुसरीकडे शून्य.

म्हणजे मूल्य कागदात नसतं. ते कागद वापरला जातो तिथे, माणसाच्या आयुष्यात तयार होतं. हा विचार माझा नाही. 2004 मध्ये स्टीफन वार्गो आणि रॉबर्ट लश या दोन अभ्यासकांनी बाजारातल्या वस्तूंबद्दल तो मांडला: मूल्य वस्तूत भरून ग्राहकाकडे पाठवता येत नाही, ते वापरातून घडतं. पुढे सार्वजनिक व्यवस्थापनाचे अभ्यासक स्टीफन ऑस्बोर्न यांनी तो सार्वजनिक सेवांना लावला. संस्था फक्त शक्यता पुढे ठेवू शकते. तिचं मूल्य करायचं काम माणूस स्वतःच्या गरजा, अनुभव आणि परिस्थिती यांच्या जोरावर करतो, असं त्यांचं म्हणणं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते जबाबदारी झटकल्यासारखं वाटलं होतं. आज उलट वाटतं. हे मान्य केलं की जबाबदारी वाढते, कारण मग कागद हातात दिल्यावरही आपलं काम संपत नाही.

तुमच्या बाबतीत मी यातून एक गोष्ट उचलेन. तुमच्याकडे दोन घड्याळं चालू आहेत. कार्यालयाचं घड्याळ अर्ज दाखल झाल्यावर सुरू होतं आणि निकाली निघाल्यावर थांबतं. माणसाचं घड्याळ गरज पडली त्या दिवशी सुरू होतं आणि गरज भागली की थांबतं. तुम्ही पहिलं घड्याळ छान सुधारलंत. तक्रारी दुसऱ्या घड्याळावरून येत आहेत.

दुसऱ्या घड्याळाचा सुरुवातीचा भाग आपल्याला दिसतच नाही. कुठे जायचं, कोणता अर्ज, आपण पात्र आहोत का, कोणते कागद, ते कुठून आणायचे, त्यासाठी किती दिवस रजा टाकायची. पामेला हर्ड आणि डोनाल्ड मोयनिहान या अभ्यासकांनी या ओझ्याचे तीन भाग केले आहेत: माहिती शोधण्याचं ओझं, पूर्तता करण्याचं ओझं आणि मनावर येणारं ओझं. पहिली दोन आपण निदान कबूल तरी करतो. तिसरं कुठल्याही बैठकीत निघत नाही, म्हणून त्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो.

एका कार्यालयात घरातला कमावता माणूस गेलेल्या कुटुंबांसाठी अनुदान होतं. रक्कम चांगली होती, कर्मचारीही सज्जन. पण अर्जाच्या चार वेगवेगळ्या पानांवर मृत्यूची तारीख आणि कारण लिहायला लागत असे, कारण चार विभागांनी आपापलं पान जोडलं होतं. मी बाकावर बसून लोक अर्ज कसा भरतात ते बघत होतो. एका बाईंनी दोन पानं भरली. तिसऱ्यावर त्यांचा हात थांबला. बराच वेळ त्या नुसत्या बसून राहिल्या, मग कागद पिशवीत घालून निघून गेल्या. त्यांनी अर्ज दाखल केला नव्हता, त्यामुळे कुठल्याही नोंदीत त्या नव्हत्या. कार्यालयाच्या दृष्टीने त्या दिवशी काहीच घडलं नव्हतं. आम्ही ती चार पानं एक केली. त्याला एक पैसा लागला नाही. लागले ते सात महिने, कारण चारही विभागांना ‘आमचं’ पान सोडायचं नव्हतं.

त्या बाईंसारखी माणसं हा तुमच्या आकड्यांतला सर्वांत मोठा खड्डा आहे. मुदतीत निकालाचं प्रमाण काढताना भाजकात फक्त टिकून राहिलेली माणसं असतात. दोन हेलपाट्यांत दमलेली, अर्ज न समजलेली, रोज बुडवणं न परवडणारी माणसं मोजणीआधीच गळतात. आणि बहुतेक वेळा मदतीची गरज त्यांनाच जास्त असते. म्हणून एखाद्या कार्यालयाचं प्रमाण नव्व्याण्णव टक्के आहे असं कोणी सांगितलं, की मी आधी विचारतो: अर्जाचा नमुना किती जणांनी उघडला आणि किती जणांनी दाखल केला? ऑनलाइन व्यवस्थेत हा आकडा काढणं सहसा सोपं असतं. तुम्ही तो काढला नसेल तर याच आठवड्यात काढा.

आता तुमच्या गर्दीकडे येतो. पंधरा दिवसांची मुदत लावल्यावर ‘त्रुटीत काढलेल्या’ अर्जांची संख्या वाढली का? मला दाट शंका आहे की वाढली असेल. मुदत जवळ आली, तपासणी झालेली नाही, तेव्हा फाईलवर ‘कागद अपुरे, अर्जदारास परत’ असा शेरा मारला की घड्याळ थांबतं. अर्ज निकाली धरला जातो. माणूस पुन्हा अर्ज करतो तेव्हा नवा क्रमांक, नवे पंधरा दिवस. हे मी ऐकीव सांगत नाही. खिडकीमागच्या वर्षांत मी स्वतः असे शेरे मारले आहेत, चौदाव्या दिवशी, आणि त्यातल्या काही अर्जांना तो कागद खरं तर लागतही नव्हता. मला तेव्हा ते चूक वाटलं नाही, कारण महिनाअखेरीचा तक्ता स्वच्छ दिसत होता. त्या माणसांना काय किंमत मोजावी लागली, ते मला कळण्याची काहीच सोय नव्हती.

जॉन सेडन या ब्रिटिश सल्लागारांनी यासाठी एक उपयोगी भेद केला आहे. कार्यालयात येणारी मागणी दोन प्रकारची. एक, माणसाला खरोखर काही हवं असतं म्हणून आलेली. दुसरी, आपण काही केलं नाही किंवा धड केलं नाही म्हणून उभी राहिलेली. ‘माझ्या अर्जाचं काय झालं?’, ‘मेसेज आला पण त्याचा अर्थ कळला नाही’, ‘तुम्ही सांगितलेला कागद ते कार्यालय देत नाही म्हणतंय’ हे सगळं दुसऱ्या प्रकारात. हे काम आपणच तयार करतो, मग ते उरकायला माणसं कमी पडतात म्हणून जास्त पदं मागतो. तुमच्या खिडकीवर एका कर्मचाऱ्याला वही देऊन बसवा आणि चार दिवस प्रत्येक येणाऱ्याचं कारण, त्याच्याच शब्दांत, लिहून घ्या. ‘चौकशी’ असं एका शब्दात लिहू देऊ नका. मी जिथे जिथे हे केलं तिथे दुसऱ्या प्रकारच्या मागणीचा वाटा कार्यालयप्रमुखाच्या अंदाजापेक्षा बराच जास्त निघाला.

इथवरचं दोन वाक्यांत सांगायचं तर: अर्जाच्या आधीचं ओझं तुमच्या मोजणीत येत नाही, आणि मोजणीतला काही ‘निकाल’ म्हणजे खरं तर माणसाला परत पाठवणं आहे. दोन्ही तुमच्या हातातलं आहे. पुढचा भाग जास्त गंभीर आहे.

सेवा फसली तर मूल्य ‘तयार झालं नाही’, एवढंच आपण धरतो. माणूस होता तिथेच राहिला, असं समजतो. तसं नसतं. बऱ्याचदा तो आला होता त्यापेक्षा वाईट अवस्थेत परत जातो: रजा गेली, पैसे गेले, आणि पुढच्या वेळी कार्यालयाची पायरी चढण्याची हिंमतही गेली. लोइक प्ले आणि रुबेन चुम्पिताझ या अभ्यासकांनी 2010 मध्ये सेवेच्या देवघेवीतून मूल्य नष्टही होतं हे ठामपणे मांडलं, तोवर या विषयावरच्या लिखाणात मूल्य घडण्याचीच चर्चा जास्त होती. पुढच्याच वर्षी पेर एचेवेरी आणि पेर स्कोलेन यांनी स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या सार्वजनिक वाहतुकीचा अभ्यास प्रसिद्ध केला. माहिती देणं, अभिवादन, सेवा पोचवणं, पैसे घेणं, मदत करणं अशा रोजच्या पाच व्यवहारांत कर्मचारी आणि प्रवासी काय करतात हे त्यांनी पाहिलं. त्यांना आढळलं ते असं, की मूल्य घडवणारे व्यवहार आणि मोडणारे व्यवहार वेगवेगळे नसतात, तेच असतात. व्यवहार कसा व्हायला हवा याबद्दल दोन्ही बाजूंची समजूत जुळली तर मूल्य घडतं, फाटली तर मोडतं. खिडकीवरचा अनुभव हेच सांगतो. ‘कागद दाखवा’ हे वाक्य एका माणसाला ‘चला, काम सुरू झालं’ असं ऐकू येतं आणि दुसऱ्याला ‘तू खोटा आहेस’ असं. फरक त्याआधीच्या मिनिटात काय बोललं गेलं याने पडतो.

हे लहान प्रमाणावर. मोठ्या प्रमाणावर काय होतं त्याची दोन उदाहरणं मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगतो. नेदरलँड्समध्ये मुलांच्या पाळणाघराच्या खर्चासाठी कुटुंबांना भत्ता मिळत असे. गैरव्यवहार रोखण्याच्या नावाखाली तिथल्या कर विभागाने एखादी राहिलेली सही किंवा भरायचा राहिलेला थोडासा स्वतःचा हिस्सा अशा कारणांवरून पूर्ण भत्ता परत मागितला. हजारो कुटुंबं कर्जात बुडाली. डिसेंबर 2020 मध्ये संसदीय चौकशीचा अहवाल आला आणि जानेवारी 2021 मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. ऑस्ट्रेलियात 2016 पासून संगणकाने वर्षभराच्या उत्पन्नाची पंधरवड्यांत सरासरी काढून सरकारी मदत घेतलेल्या लोकांवर येणी ठरवली. जो माणूस अर्धं वर्ष बेकार होता आणि अर्धं वर्ष कमावत होता, तो या हिशेबात बारा महिने कमावता दिसला. बेकारीच्या काळात घेतलेली मदत त्याने लबाडीने घेतली असा अर्थ निघाला, आणि तसं नाही हे सिद्ध करण्याचं ओझं त्याच्यावरच. 2020 मध्ये सरकारने अशी सुमारे 4,70,000 येणी रद्द करून 72 कोटी 10 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर परत करण्याचं जाहीर केलं. 2023 मध्ये चौकशी आयोगाने या व्यवस्थेवर अत्यंत कठोर ठपका ठेवला.

यात मला सर्वांत जास्त काय खटकतं ते सांगतो. दोन्हीकडे यंत्रणा बंद पडली नव्हती. ती ठरवल्याप्रमाणे चालत होती. पत्रं वेळेवर जात होती, वसुलीच्या नोंदी होत होत्या. नुकसान त्या कामकाजाच्या आतूनच होत होतं, आणि ज्या घरांत ते होत होतं तिथून कार्यालयापर्यंत बातमी पोचण्याचा रस्ता नव्हता. तुमचं कार्यालय त्या टोकाला आहे असं मी अजिबात म्हणत नाही. पण ‘आमचा तक्ता स्वच्छ आहे, मग लोक नाराज का’ हा प्रश्न जिथे पडतो, तिथे तो रस्ता तपासायची वेळ आलेली असते.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मान्य करतो. सगळ्या सेवांचा वापरकर्ता स्वखुशीने येत नाही. करवसुली, तपासणी, तुरुंग, परवाना नाकारणं या ठिकाणी समोरच्याला हवं ते देणं हे कामच नाही. तिथलं मूल्य इतरांसाठी, सगळ्या समाजासाठी असतं. असुरक्षित इमारतीला परवाना नाकारला तर अर्जदार नाराज होणारच, आणि ते योग्य आहे. तरी तो नकार कसा दिला जातो याला अर्थ आहे. कारण स्पष्ट लिहिलेलं, काय बदललं तर परवाना मिळेल ते सांगितलेलं, दाद कुठे मागायची ते दिलेलं, असा नकार घेऊन जाणारा माणूस पुढचं पाऊल टाकू शकतो. तसंच, पडताळणी सरसकट काढून टाका असंही मी म्हणणार नाही. खोटे अर्ज असतात आणि ते खऱ्या गरजूचा हिस्सा खातात. प्रश्न एवढाच की पडताळणीचं काम कोणी करायचं. जी माहिती सरकारच्याच दुसऱ्या कार्यालयात आहे ती माणसाच्या हाताने का वाहून आणायची? एस्टोनियाने 2001 पासून सरकारी माहितीसाठ्यांना जोडणारी एक्स-रोड ही व्यवस्था चालवली आहे, आणि एकदा दिलेली माहिती पुन्हा मागायची नाही हे तिथलं तत्त्व आहे. तुम्हाला एवढं मोठं काम एकट्याने करता येणार नाही. पण तुम्ही मागता त्या कागदांपैकी किती कागद तुमच्याच इमारतीत दुसऱ्या टेबलावर तयार होतात, ते मोजता येईल.

ऑनलाइनबद्दल एक सावधगिरी. बरीच कार्यालयं अर्ज ऑनलाइन करतात म्हणजे टंकलेखनाचं, कागद स्कॅन करण्याचं आणि चूक शोधण्याचं काम माणसाकडे ढकलतात. ज्याला ते जमतं त्याचा फेरा वाचतो. ज्याला जमत नाही तो पैसे देऊन कोणाकडून तरी भरून घेतो, आणि अर्जात त्याच्या नावावर काय लिहिलं गेलं ते त्यालाही ठाऊक नसतं. सेवा कागदोपत्री सगळ्यांना सारखी, पण तिच्यातून निघणारं मूल्य सारखं नाही. राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970च्या दशकात अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात पोलिसांच्या कामाचा अभ्यास करताना दाखवलं होतं की सेवा एकटी संस्था घडवत नाही, नागरिकही तिचा एक भाग घडवतो. शिक्षण, उपचार, सुरक्षितता, सगळीकडे हे लागू आहे. यातून माझा निष्कर्ष असा: ज्या नागरिकाकडे वेळ, शब्द आणि ओळखी कमी आहेत, त्याच्या वाट्याच्या कामाचा भार संस्थेने स्वतःकडे घ्यायला हवा. सर्वांना सारखाच अर्ज दिला की न्याय झाला, हे मला पटत नाही.

आणि तुमच्या कर्मचाऱ्यांबद्दल. त्यांना शिष्टाचाराचं प्रशिक्षण देऊन हे सुटेल असं कोणी सुचवलं तर घाई करू नका. एका कार्यालयात माझ्या ओळखीचे एक कारकून होते. कागद कमी पडला की ते अर्ज परत पाठवत नसत, फोन करत: ‘अमुक पान राहिलंय, फोटो पाठवा, मी लावतो.’ त्यांच्या टेबलावरून माणूस दुसऱ्यांदा आलेला मी क्वचितच पाहिला. पण फोनला वेळ लागायचा, त्यामुळे दिवसाला निकाली काढलेल्या अर्जांची त्यांची संख्या सर्वांत कमी. त्यांना समज दिली गेली, मग नोंदणीच्या कोपऱ्यातल्या टेबलावर बदली झाली. त्यांच्या जागी आलेल्या मुलीने वर्षभरात परत पाठवायला शिकून घेतलं. ती वाईट नव्हती. तिला काय मोजलं जातं ते कळलं होतं. याचा सल मला अजून आहे, कारण त्या वेळी मोजणीचा तो तक्ता बनवण्यात माझाही हात होता.

म्हणून तुम्ही सुरुवात मोजणीपासून करा. अर्जक्रमांकाऐवजी माणसागणिक तारखा लावा: त्याच कामासाठी पहिला अर्ज कधी, शेवटी हातात कागद कधी, मध्ये किती वेळा परत गेला. त्रुटी कळवली तर घड्याळ चालूच राहील, असा तुमच्या पातळीवर नियम करता आला तर करा. वरून मुदतीचाच आकडा मागितला जात असेल तर तो देत राहा, पण बैठकीत चर्चा या दुसऱ्या आकड्यावर करा.

आणि गेल्या महिन्यातले दहा अर्जदार निवडून त्यांना स्वतः फोन करा. दुसऱ्या कोणाला करायला लावू नका, कारण मध्ये माणूस आला की उत्तर ‘समाधानी’ असंच येतं. तीनच गोष्टी विचारा: हा कागद कशासाठी हवा होता, तो कधी हवा होता, आणि तुमचं ते काम झालं का. समाधानी आहात का, हे विचारू नका. कार्यालयातून आलेल्या फोनवर माणसं सभ्यपणे हो म्हणतात. उत्तर ऐकताना नियम समजावून सांगायचा मोह होईल, तेव्हा लिहीत राहा. आणि हे दहाही जण मुदतीत निकाली निघालेल्या अर्जांमधलेच असू द्या. मुदत हुकलेल्यांची कारणं तुमच्या फाईलमध्ये आधीच आहेत.